पाहुणीची वही आणि वाहता नळ

तीर्थरूप ताईच्या चरणी, तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून अर्धवटच राहिलेल्या) भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय आणि तू दिवसातून चारदा गच्चीवर जातेस, हे भावोजींनी मला कळवलंय, तेव्हा उत्तरात नुसतं ‘बरा आहे’ असं लिहू नकोस. भावोजींचा खोकला गेला असेल तर त्यांना नमस्कार सांग. नसेल तर आधी काढा दे, मग सांग. इकडे आम्ही ठीक आहोत. निदान दिसायला तरी.

तर झालं असं, की आमच्या चिमीच्या शाळेने यंदा एक उपक्रम काढला. लांबच्या देशातल्या शाळेची बारा मुलं इथल्या बारा घरांत तीन आठवडे राहणार आणि पर्यावरण कसं जपायचं ते पुस्तकाऐवजी घराघरांतून शिकणार. मग आपल्यातली चार मुलं तिकडे जाणार, आणि तीही तीन आठवडे नव्हे, चांगले पाच महिने. कोणती चार, ते पाहुणी मुलं घरोघरी रोज लिहितील त्या वह्यांवरून ठरायचं होतं. ज्या घरात कमीत कमी वाया जातं, त्या घरातलं मूल तिकडे. हे ऐकल्यापासून चिमीला तहानभूक सुचेना. मी म्हटलं, आपलं घर तर परीक्षेआधीच पास. तुला ठाऊकच आहे, माझ्या पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात साधा स्क्रूसुद्धा निवृत्त होत नाही, आणि भावोजींनी दिलेली पँट मी अजून वापरतो (पुढची बाजू मूळची आहे, मागची तिसरी).

पाहुणी आली. चिमीहून वीतभर उंच, डोळ्यांवर चष्मा, तोंडात चिमीने शिकवलेला ‘काका’ हा एकच शब्द, आणि पिशवीत एक लटकता वजनकाटा. तो तिने स्वयंपाकघराच्या दाराला टांगला. सकाळी उठलं की आधी आमचा कालचा कचरा तोलायचा, वहीत मांडायचा, मग तोंड धुवायचं. तुझी भावजय इतकी धसकली, की दुसऱ्याच दिवशी तिने भाजीच्या सालांचा पुडा गुपचूप शेजारच्या शिंपीणबाईंच्या डब्यात टाकला. आता शिंपीणबाईंकडेही एक पाहुणा मुलगा काटा घेऊन बसलाय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. त्याने आमची सालं इमानेइतबारे त्यांच्या नावावर चढवली. शिंपीणबाई पुडा घेऊन दारात हजर. इतक्या वर्षांच्या शेजारात उसनी साखर परत आलेली मी पाहिली होती, सालं परत येताना पहिल्यांदाच पाहिली. (पाहुणीची स्वतःची आंघोळ वीस मिनिटांची असे. ती मात्र कुठल्या काट्यावर चढत नसे. पण पाहुण्याला कोण बोलणार?)

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण ताई, दुसऱ्या आठवड्यापासून माझ्याच हातून काही ना काही घडायला लागलं. आधी दाढी करताना नळ वाहता राहू लागला. मग भर दुपारी बैठकीतला दिवा जळत राहिला. पुढे एके दिवशी मी येताना प्लास्टिकचे पन्नास पेले घेऊन आलो, आणि घरात माणसं पाहुणीसकट चार. बरं, प्रत्येक वेळी ती नेमकी समोर. रागावणं नाही, बोलणं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघायची आणि लिहायची. तुझ्या भावजयीने माझं वय काढलं आणि मला डोळे तपासायला धाडलं. नंबर होता तोच निघाला. चिमी मात्र जेवताना माझ्याशी बोलेनाशी झाली. मी म्हटलं, ‘अगं, माणूस आहे, विसरतो एखादं.’ तर म्हणाली, ‘बाबा, तुम्ही विसरत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाच्या मिक्सरला कुठला वॉशर बसतो ते तुम्हाला झोपेतही आठवतं.’ यावर मी आणखी थोडी भाजी मागितली.

पोरगी तशी गुणी होती हं. शाळा सुटली की चिमीबरोबर थेट दुकानात यायची. तिच्याकडे म्हणे वस्तू बिघडली की नवीन आणतात, उघडून बघायची कुणाला सवयच नाही. पहिल्या दिवशी मी एक इस्त्री खोलली तर तिने डोळे मोठे करून वहीची चार पानं भरली, आणि मी नुसती एक वायर बदलली होती. शेवटी शेवटी ती एकटीने टेबलफॅन उघडून, साफ करून, परत जोडू लागली. एक स्क्रू उरायचा, पण तो माझाही उरतो. ती आमचा कचरा तोलायला आली होती, आणि जाताना पाना-पकड मागून घेऊन गेली. ती गेली त्या दिवशी तुझी भावजय रडली, चिमी रडली, आणि मी दुकानात काम आहे असं सांगून बाहेर पडलो.

आता मुख्य बातमी. गेल्या शनिवारी शाळेत नावं वाचली. चौघांत आपली चिमी आहे, आणि तीही पहिली. पुढच्या महिन्यात निघेल. सगळ्यांना आनंद झालाय. भावोजींना वाचून दाखव. मुलांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. चिमीला न्यायला तुझी ती मोठी निळी बॅग पाठवशील का? तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. बॅग नको. तुझ्या भावजयीने आधीच आणून ठेवलीय. तुझ्यापाशी खोटं टिकत नाही, म्हणून लिहितो. नळ मी मुद्दाम उघडा ठेवला होता. दिवाही, पेलेही. पाच महिने पोर डोळ्यांसमोर नसणार, हे मला सहन होईना. म्हटलं, आपलं घर नापास झालं तर ती राहील. बापाने पोरीच्या वाटेत असं आडवं यावं याची मला लाज वाटते, ताई.

ता. क. तिसरा. विज्ञानाच्या बाईंनी मला बोलावून त्या वहीचं शेवटचं पान दाखवलं, मराठीत उतरवलेलं. जसंच्या तसं देतो: ‘या घरात काका काहीच वाया घालवत नाहीत. मी समोर असले की नळ वाहतो. मी दाराआड गेले की ते धावत जाऊन बंद करतात आणि खाली बादली ठेवलेली असते. त्यांना मुलीला पाठवायचं नाहीये. तरी सगळ्यांत कमी वाया घालवणारं घर हेच आहे.’ भाषांतर कुणी केलं म्हणून बाईंना विचारायची गरजच पडली नाही. अक्षर चिमीचं होतं. म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. घरी ती त्यावर एक अक्षर बोललेली नाही, फक्त माझ्याशी पुन्हा बोलायला लागलीय, आधीपेक्षा जास्तच. तेव्हा आता खरी विनंती. तिला विमानतळावर सोडायला मी जाईन, आणि हसत जाईन, तसं मी स्वतःला बजावलंय. पण तिथून मला घरी परत आणायला तू ये.