मिठाचा बर्फ

२१ नोव्हेंबर १९५७, गुरुवार

बाबांचं कार्ड आलं. एकच ओळ. ‘यापुढे पत्र पाठवू नकोस.’

खाली नाव नाही. पण असं ठसठशीत, दाबून काढलेलं अक्षर आमच्या गावात दुसऱ्या कुणाचं नाही.

माझं आधीचं पत्र सात पानांचं होतं! सगळं नीट समजावून लिहिलं होतं. क्योतोच्या स्टुडिओत पक्की नोकरी लागली. पहिलाच सिनेमा मोठा आहे. एदोमधल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, योशिवारा या गणिकांच्या पेठेतली एक गणिका, हात्सुशिमो, कुणापुढे मान न वाकवणारी. तिचं आयुष्य, तिची प्रेमं. ‘बाबा, हा सिनेमा त्या बायकांच्या बाजूने बोलणार आहे,’ असं लिहून खाली रेघसुद्धा ओढली होती.

त्या रेघेची आता लाज वाटते.

२२ नोव्हेंबर

रडले नाही. मालकीणकाकूंनी विचारलं, “घरचं पत्र वाटतं?” मी “हो” म्हणाले. त्या म्हणाल्या, “तुमचं ते उत्तरेकडचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं हो! अर्धं कळत नाही, पण कित्ती गोड.”

इथे टोमणाही असा साखरेत घोळून देतात. मी आता ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलते. दोन्ही शब्दांत गाव ऐकू येत नाही.

२६ नोव्हेंबर

माझं काम बघण्याचं. हात्सुशिमोच्या केसांत किती काटे होते, चिलीम कुठल्या हातात होती, पुढे बांधलेल्या पट्ट्याची गाठ किती सैल होती, सगळं टिपून ठेवायचं. म्हणजे पुढचा शॉट दहा दिवसांनी घेतला तरी जुळतो. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर फळी. कॅमेऱ्याच्या बाजूला बुटकं स्टूल.

दिवसभर मी सगळ्यांकडे बघते. माझ्याकडे कुणी बघत नाही. तक्रार नाही — कामच तसं आहे. फक्त संध्याकाळी खोलीवर आल्यावर आरशात पाहिलं की दचकायला होतं.

दिव्यांवाले गेनसान मला ‘कॉलेजबाई’ म्हणतात. “कॉलेजबाई, सावली पडतेय, जरा तुमची पदवी बाजूला घ्या.” सगळे हसतात. मीही हसते.

१ डिसेंबर

तोक्योहून ओतोसेआजी आल्या. वय बहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी. लहानपणी खऱ्या योशिवारात होत्या — एका मोठ्या गणिकेच्या मागे तिची चिलीम घेऊन चालायच्या. हात्सुशिमोचं काम करणाऱ्या रानकोसानना ती चाल शिकवायला त्यांना बोलावलंय.

वीतभर उंचीच्या काळ्या खडावा. पाऊल आधी बाहेर वळवायचं, जमिनीवर अर्धं वर्तुळ काढायचं, मग पुढे. रानकोसान एवढ्या मोठ्या नटी, पण सातव्या पावलाला कोलमडल्या. आजी म्हणाल्या, “उठ पोरी. आमची बाई तीन वर्षं पडत होती.”

रानकोसानना ‘पोरी’! रानकोसान उठल्या.

५ डिसेंबर

आज मी बोलले. बोलायला नको होतं.

शेवटच्या प्रसंगाची तयारी चालली होती. एका सरदाराने हात्सुशिमोला विकत घेतलंय. तिचं मन लाकडी ठशांवर चित्रं कोरणाऱ्या एका कारागिरावर. मिरवणूक सरदाराकडे निघालीय, बर्फ पडतोय, आणि भर रस्त्यात ती खडावांवरून खाली उतरते, बर्फात पाय ठेवते आणि एकटी वेशीकडे चालू लागते. सबंध सिनेमा त्या पावलांसाठी आहे.

कपडेपटाने रानकोसानना पांढरे मोजे आणून दिले, अंगठा वेगळा असलेले, नृत्यात घालतात तसले. दिग्दर्शक हियामासान काही बोलले नाहीत. मी वाचनालयातून चार पुस्तकं आणून वाचली होती. आजींनाही विचारलं होतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, “योशिवारातल्या गणिका मोजे घालत नसत. भर थंडीतही अनवाणी. तीच त्यांची ऐट होती. मोजे घातले तर सगळंच खोटं होईल.”

घाईत बोलले, त्यामुळे गाव बाहेर पडलं. स्वर सगळे खालीवर. मागून कुणीतरी माझी नक्कल केली.

रानकोसान शांतपणे म्हणाल्या, “मी सहाव्या वर्षापासून नाचते. माझी बोटं नाचाने वाकडी केलीत. पडद्यावर माझे उघडे पाय आजवर कुणी पाहिले नाहीत. आणि या कॉलेजबाईंना खरेपणा हवाय! मग स्वतःचे काढून दाखवा की मोजे.”

मला चिडता येत नाही. हट्ट मात्र येतो. मी खाली बसले आणि मोजे काढले.

हशा पिकला. गेनसान म्हणाले, “अरे बाप रे, हे भात लावणारे पाय! या पायांवर दोन माणसं मावतील.” पंजे रुंद, बोटं फाकलेली. आणि उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली — ती जन्मापासून. लहानपणी माझी आजी मला न्हाऊ घालताना ते बोट मुठीत धरायची आणि गप्प व्हायची. आई म्हणायची, “हे तुझ्या बाबांच्या घराण्याचं बोट.”

हियामासान जवळ आले, उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हात्सुशिमो कुठली? उत्तरेतली. नवव्या वर्षी विकलेली. तिला बोलणं शिकवलं, लिहिणं शिकवलं, चेहरा रंगवला. पाय कोण बदलणार? पाय शेतातलेच राहिले असतील.” आणि माझ्याकडे न बघता, “गुडघ्याखालचे शॉट हिचे घेऊ.”

कुणी हसलं नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

६ डिसेंबर

रानकोसान माझ्याशी बोलत नाहीत. टिपण द्यायला गेले तर आरशात बघतच हात पुढे केला.

१६ डिसेंबर

रोज काम संपल्यावर तासभर आजींपाशी शिकते. घोटे सुजलेत. आजी भिंतीला टेकून बसतात आणि तिथूनच ओरडतात, “कमरेतून! भात लावताना पाय चिखलातून कसा काढतेस? तसाच. आधी बाहेर फिरव, मग उचल!”

आणि खरंच, तसं केलं की जमतं.

बाबांना हे सांगावंसं वाटलं. मग कार्ड आठवलं.

१ जानेवारी १९५८

मालकीणकाकू लेकीकडे गेल्या. घरात मी एकटी. नववर्षाचं सूप केलं, त्यात तांदळाची एक वडी टाकली. आमच्याकडे चौकोनी वड्या असतात, इथे गोल. चव तीच असेल, पण घशाखाली उतरेना.

घरी कार्ड पाठवलं होतं — फक्त नववर्षाच्या शुभेच्छा, सिनेमाचं अक्षर नाही. टपाल आलं. काकूंची एकवीस कार्डं. माझं एकही नाही.

दुपारी देवळापर्यंत जाऊन आले. सगळी माणसं घोळक्याने. मी उगाचच घाईघाईने चालले, कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.

बाबांना नेमका कसला राग आलाय? शिक्षिका झाले नाही याचा? की ‘तसल्या’ बायकांच्या सिनेमाचा? एवढे वाचणारे बाबा! त्या बायका कुणाच्या तरी मुलीच होत्या, एवढं साधं त्यांना कळू नये!

१७ जानेवारी, शुक्रवार

शॉट झाला.

स्टुडिओतला बर्फ म्हणजे मीठ. जाड, खडे मीठ, पोतीच्या पोती ओतलेलं, वर भुरभुरायला कागदाचा चुरा. पण लाद्या जानेवारीच्या, आणि त्या भल्यामोठ्या शेडमध्ये शेगडी एकच, तीही कॅमेऱ्यासाठी. माझ्या टाचांना भेगा पडलेल्या.

पहिलं पाऊल खाली ठेवलं आणि मीठ भेगांत शिरलं. डोळ्यांसमोर अंधारी आली. चेहरा दिसणार नव्हता म्हणून ओठ चावला. सात पावलं चालायची होती. ती सात पावलं अकरा वेळा चालले.

आठव्या खेपेनंतर गेनसान दिव्यांच्या मचाणावरून खाली उतरले आणि स्वतःची चटई माझ्या पायाखाली सारली. “पुढच्या खेपेपर्यंत हिच्यावर उभ्या राहा, कॉलेजबाई.” आज त्या शब्दात टोमणा नव्हता.

अकराव्या खेपेला हियामासान नुसतं “हं” म्हणाले. त्यांचं ‘हं’ म्हणजे मोठंच.

नंतर ओतोसेआजींनी कोमट पाण्याने माझे पाय धुतले. मी “नको नको” म्हणत होते. त्यांनी आपल्या कमरेचा पट्टा सैल केला आणि माझे दोन्ही पाय आपल्या पोटाशी धरले. “गरम पाण्यात घालायचे नसतात, कातडी फाटते. आमची बाई मिरवून आली की मी अशीच बसायचे. दहा वर्षांची होते. थंडगार असायचे गं — दोन मेलेले मासे जसे. आणि बाहेर तिचा चेहरा असा, जणू वसंत आलाय.”

गाव सोडल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. रडू फुटलं. मीठ झोंबतंय असं सांगितलं.

आजी करंगळी चाचपत होत्या. “तुझ्या घरातून कुणी गेली होती का गं पेठेत?”

“आमच्या घरातून? छे! आमच्या घरातून कुणी नाही.” केवढ्या तोऱ्यात म्हणाले मी! “बाबांना एक धाकटी बहीण होती, कात्सुनोआत्या. मी जन्मायच्या आदल्या वर्षी रेशमाच्या गिरणीत कामाला गेली. तिथेच छातीच्या दुखण्याने वारली. घरी तिचं नाव काढलेलं बाबांना चालत नाही.”

“हं,” आजी म्हणाल्या. “आमच्या वेळीही बऱ्याच मुली गिरणीत जायच्या.” आणि पाय चोळत राहिल्या.

२३ जानेवारी

आज कच्ची फिल्म पाहिली. अंधारात माझे पाय, भिंतीएवढे मोठे! करंगळी सगळ्यात आधी जमीन शोधते, मग बाकीचा पंजा टेकतो. मला हे ठाऊकच नव्हतं.

दिवे लागल्यावर रानकोसान मागच्या रांगेतून आल्या. “तुझं ते बोट,” त्या म्हणाल्या, “आधी विचारतं, मग उतरतं. मी चेहऱ्यावर नुसता राग आणला होता. भीती आणलीच नाही.” मग हियामासानना, “माझा जवळचा शॉट पुन्हा घ्या.”

जाताना मला म्हणाल्या, “कॉलेजबाई, जेवलात का?”

मी “हो” म्हणाले. जेवले नव्हते. आयुष्यात एकदा कुणी विचारलं, आणि मी —

२८ जानेवारी

ओतोसेआजी तोक्योला परतल्या. स्टेशनवर मी एकटीच होते. त्या खिडकीतून म्हणाल्या, “घरी जाऊन ये गं एकदा.” मी म्हटलं, “दार बंद आहे, आजी.” त्या म्हणाल्या, “दार बंद करून बसणाऱ्यालाच जास्त गारठा लागतो.” गाडी सुटली.

२० फेब्रुवारी

सिनेमा लागला. तिकीट काढून पाहिला, तिसऱ्या रांगेत, एकटीने. सुरुवातीच्या नावांत केशभूषा आहे, तलवारी पुरवणारे आहेत, घोडेसुद्धा आहेत. मी नाही. असणार नव्हतेच.

शेवटी ती खडावांवरून उतरली तेव्हा शेजारची बाई पुटपुटली, “अगं बाई, केवढं गार लागत असेल!” मला म्हणावंसं वाटलं — ते मीठ होतं हो, आणि ती मी होते. म्हणाले नाही. ती तिच्या नवऱ्याशी बोलत होती.

१ एप्रिल

आजपासून वेश्याव्यवसायबंदीचा कायदा लागू झाला. देशभरातल्या सगळ्या पेठा बंद. वर्तमानपत्रात विझलेल्या दिव्यांचा फोटो. आनंद व्हायला हवा. झालाही. पण सांगायला कुणी नव्हतं, म्हणून फोटो कापून या वहीत चिकटवला.

घरी पुन्हा एक पत्र टाकलं. दोनच ओळी. खाली रेघ ओढली नाही.

१९ एप्रिल

उत्तर नाही. आता लिहिणार नाही.

२६ एप्रिल, शनिवार

घरून पुडकं आलं. वर बाबांचं अक्षर.

आत कापडी मोज्यांचे दोन जोड. एक नवा, निळा, आईच्या हातचा, उजव्या करंगळीपाशी सैल सोडलेला. दुसरा लहान, जुना, पिवळा पडलेला. कधीही न घातलेला. त्यावरचे टाके माझ्या आजीचे. उजव्या करंगळीपाशी तोही सैल.

सोबत चिठ्ठी.

‘गावच्या शाळेत सिनेमा दाखवला. बर्फातले पाय दिसले आणि मी उभा राहून कात्सुनोला हाक मारली. सगळे वळून बघू लागले. तुझ्या आईने मला खाली बसवलं आणि म्हणाली, अहो, ही आपली शिनो. लहान जोड कात्सुनोचा. त्या वर्षी भात पिकला नव्हता. दलाल ठरल्याच्या दोन दिवस आधी आला, म्हणून वेळेत शिवून पुरा झाला नाही. ती गिरणीत गेली नव्हती. बर्फात अशी उभी राहू नकोस. घरी ये.’

ते मीठ होतं, बाबा.

निळा जोड पायांत घातला आहे. लहान जोड मांडीवर आहे.