मागच्या काचेवरची अक्षरं

बेलर्स क्रीक, टेनेसी
१९ ऑक्टोबर २०१९

चि. हेरंब यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची आपल्या घरची रीत, म्हणून लिहिते. बाबा तर अंगात ताप असतानाही पोस्टकार्डावर आधी 'क्षेम' लिहीत आणि मग थर्मामीटर झटकत. मेघनाचा गुडघा कसा आहे? लेक कॉलेजात रमली का? उत्तरं सवडीने दे. घाई आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. डेलकडे तुला काहीतरी मागायला यायचं आहे, आणि लवकर यायचं आहे. काय मागायचं ते शेवटी सांगते. बाबांनी परकर-पोलक्यात शब्दरूपं घोकून घेतलेली बाई मंगलाचरणाशिवाय विषयाला हात घालत नाही, हे तू सोसत आलायसच.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. डेलला मराठी कळत नाही, पण माझा आवाज कळतो. स्वयंपाकघरातून मी तुझ्याशी बोलायला लागले की तो बाहेरच्या खोलीत टीव्ही बारीक करतो. म्हणून वाचनालयात, परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याआड बसून लिहितेय. जलद टपालाने पाठवते.

माझं ऑपरेशन झालं ते तुला कळलंच असेल. पित्ताशय काढलं. "अवयव गेला, पण पित्त जागच्या जागी आहे," असं डेल म्हणतो. म्हणजे म्हणायचा. हल्ली तो फारसं काही म्हणत नाही. बाकी बरा आहे. जेवतो थोडंफार. झोप कमी आहे. बंदुका साफ करत असतो.

त्याची पिकअप तुला आठवत असेल. न आठवून कसं चालेल, तिच्या मागच्या काचेवरूनच तुमचं फाटलं. जुने राजे ताम्रपटावर बिरुदं कोरून घेत, आमच्या ह्यांनी काचेवर चिकटवली. पिस्तुलाच्या खोक्यात कंपनीचा स्टिकर फुकट मिळाला तो डावीकडे. बाबा-बंदूक, आई-बंदूक आणि दोन पिल्लू-बंदुका असं कुटुंब उजवीकडे. आम्हाला मूल नसताना ती पिल्लं कुणाची, हे मी कधी विचारलं नाही. खाली 'कुत्र्याला नाही, मालकाला भ्या'. आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: 'हिंमत असेल तर ये आणि घेऊन जा'. चर्चच्या पार्किंगमध्ये तेव्हा अशा वीसेक काचा रांगेने उभ्या असत. मला तो शिलालेखांचा बाजार वाटे आणि करमणूक होई.

त्या थँक्सगिव्हिंगला तू टर्कीचा तुकडा काट्यावर धरून म्हणालास, "दाजी, एक विचारू? ही पाटी चोराला वाचता येत नाही असं धरून चालता का तुम्ही?"

डेल हसला होता आधी. त्याला 'दाजी' फार आवडायचं. अख्ख्या टेनेसीत आपण एकटेच दाजी आहोत, असं तो पोस्टातसुद्धा सांगायचा. "अरे, दारावर कुत्र्याची पाटी लावतात ती कशाला? चोर वाचतो आणि पुढच्या घरी जातो."

"कुत्रं विकून चोराला पैसे मिळत नाहीत. तुमची पाटी म्हणजे सोनाराने दुकानावर तिजोरीची जागा लिहून ठेवण्यासारखं आहे."

"म्हणजे मी मूर्ख?"

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही, तू फक्त टर्की खाल्लीस आणि घरमालकाला मूर्ख म्हणालास. माझ्याच बंदुकीने पहिलं हरीण मारलंस तू, हेरंब."

पुढचं लिहीत नाही. तुम्ही दोघं जे बोललात ते मांडणीत बरोबर आणि वागणुकीत चूक होतं. मग तू ओहायोला गेलास. नोकरीसाठी गेलास, असं मी सगळ्यांना सांगते. डेल आजही तुझी बदली झाली असंच म्हणतो. तो तुझी बाजू सावरतोय हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तर हेरंब, चोराला वाचता आलं.

मला ऑपरेशनला नेलं त्या दिवशीची गोष्ट. हॉस्पिटलच्या दारावर बंदूक आत आणू नये अशी पाटी आहे. डेल पाट्या पाळणारा माणूस. त्याने दारापर्यंत मला हाताला धरून आणलं, पाटी वाचली, "थांब गं जरा," म्हणाला, आणि परत जाऊन कमरेचं पिस्तूल गाडीतल्या कप्प्यात ठेवून आला. इकडे सगळे हेच करतात. पोस्टात जाताना, शाळेत जाताना, कोर्टात जाताना. बंदुकीला आत मज्जाव, म्हणून ती बाहेर, गाडीत, एकटी. आणि कुठल्या गाडीत, ते काचेवर लिहिलेलं.

मी शुद्धीवर आले तेव्हा तो माझ्या पायांवरचं पांघरूण नीट करत होता. बाहेर आलो तर त्या सबंध रांगेत एकाच गाडीची बाजूची काच फुटलेली. पलीकडे चकचकीत महागड्या गाड्या होत्या, त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. डेलने पोलिसांत लिहून दिलं, काच बदलली, आणि महिनाभर रागावून होता. तो रागच बरा होता, असं आता वाटतं.

मग एका सकाळी शेरीफचा माणूस दारात आला. तो लॅमार, बिल क्रॉफर्डचा जावई, तुझ्यासोबत मासे पकडायला यायचा तो. टोपी हातात. म्हणाला, "डेल, तुझं पिस्तूल सापडलं. नंबर जुळला."

आणि डेलचा चेहरा उजळला रे. अगदी मनापासून. "सापडलं? वा. मला वाटलं गेलंच आता. ये, कॉफी घे."

लॅमारने कॉफी घेतली नाही. वळणावरच्या पेट्रोल पंपावर आदल्या रात्री दरोडा पडला होता, हे आम्हाला रेडिओवर कळलं होतं. गल्ल्यावर लोरीन टॅकेट होती, हेही कळलं होतं. तुझ्या लेकीची शाळेची बस जिने आठ वर्षं चालवली, ती लोरीन. बसमधून निवृत्त झाली तर घरात बसवेना, म्हणून पंपावर बसायला लागली. डेलला रोज सकाळी कॉफी तीच द्यायची. "यात साखर घालू की बायकोला कळेल?" हा त्यांचा रोजचा विनोद. आदल्या रात्री आम्ही दोघं तिच्यासाठी रडलो होतो. बंदूक कुणाची, ते कळायचं राहिलं होतं.

डेलला झोपू देत नाही ते काय, असं तुला विचारलं तर तू म्हणशील, तिचं मरण. तेही आहे. पण तो मला एकदाच म्हणाला, भांडी पुसता पुसता, "मी 'वा' म्हटलं गं. लॅमारला मी 'वा' म्हटलं." आणि फडकं खुंटीवर नीट अडकवून निघून गेला.

गाव वाईट वागलं नाही. वाईट वागतं तर सोपं झालं असतं. बायकांनी कॅसरोल, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाचे ट्रे, आणून दिले, अजून फ्रीजरमध्ये आहेत. पाद्री आले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्या खणात, पाकीट न उघडलेलं. जो तो सांगतो, चूक चोराची. न्यायाने ते खरंच आहे, आणि डेलला त्याचा कवडीचा उपयोग नाही.

मात्र एक झालं. लोरीनच्या अंत्यविधीनंतरच्या रविवारी चर्चच्या पार्किंगमध्ये मी नेहमीप्रमाणे काचा वाचत चालले, तर वाचायला काही नव्हतं. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, सभा नाही, ठराव नाही. प्रत्येकाने आपापल्या अंगणात पातं घेऊन गुपचूप खरवडलं होतं. धुळकट काचांवर नुसते स्वच्छ चौकोन उरले होते, उन्हात चमकणारे. आणि त्या सगळ्यांमध्ये आमची एकटी पिकअप, सगळी बिरुदं शाबूत.

चर्चमधला त्याचा मित्र क्लिफ्टन तेवढा म्हणाला, "काढ की रे आता ते."

डेल म्हणाला, "आता काढून कुणाला फसवू? लोकांना कळू दे कुणाची गाडी आहे."

मी त्याला घरी विचारलं. वाद घातला नाही, विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या भावाला ते दिसत होतं. मी त्याला जेवत्या ताटावरून उठवलं. ते मला रोज दिसलं पाहिजे." जे बढाई म्हणून चिकटवलं होतं ते तो आता शिक्षा म्हणून मिरवतो. एवढं उलटं भाष्य मी कुठल्या पोथीत पाहिलं नाही.

गेल्या रविवारी हार्लन आला आमच्या गाडीपाशी. लोरीनचा नवरा. मी आत बसले होते, काच खाली होती. तो मागे उभा राहून बराच वेळ ती अक्षरं वाचत राहिला. डेल त्याच्यासमोर, हात लोंबकळते, शाळेतल्या मुलासारखा. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं.

हार्लन म्हणाला, "लोरीन म्हणायची, सिग्नलला डेलच्या मागे उभं राहिलं की कंटाळा येत नाही. बसमधली पोरं मोठ्याने वाचायची म्हणे." आणि डेलच्या खांद्यावर थोपटून गेला.

घरी येताना डेलने गाडी दोनदा कडेला थांबवली.

आता ती वरची ओळ. बंदुका साफ करत असतो, असं मी लिहिलं. खोडत नाही, पण तिचा अर्थ नीट लावते. डेल बंदूक साफ कशी करतो, ते तू पाहिलं आहेस. स्वयंपाकघरातलं टेबल, खाली वर्तमानपत्र, तेलाची बाटली, गज, जुन्या बनियनच्या चिंध्या, आणि माझी कुरकुर. सव्वीस वर्षांत त्याने दुसरीकडे कुठे बंदूक साफ केलेली नाही.

मंगळवारी मी वाचनालयातून लवकर आले. गॅरेजचं दार लावलेलं. आत पिकअपमध्ये डेल बसला होता, चालकाच्या जागेवर, आणि त्याच्या बापाची दुनळी मांडीवर आडवी. तेल नाही, चिंध्या नाहीत. गज भिंतीवर, खुंटीला.

"काय करतोस?"

"साफ करतोय."

मी म्हटलं, "जेवायला चल. भात गार होतोय." भात टाकलाही नव्हता. तो थोडा वेळ बसून राहिला. मग उतरला, दुनळी कपाटात ठेवली, हात धुतले. मी तांदूळ धुवायला घेतले तेव्हा, भात अजून व्हायचाय हे त्याने पाहिलं.  शिजेपर्यंत आम्ही दोघं टेबलाशी बसून राहिलो.

त्यानंतर सगळी काडतुसं मी बासमतीच्या डब्यात पुरली. हस. मलाही हसू आलं होतं पुरताना. पण काडतुसं इथे दुधाच्या दुकानात, दुधाच्याच रांगेत मिळतात. कपाटाची किल्ली मी लपवली तर तो मागणार नाही, समजेल. आणि त्याला समजलं की मला समजलंय, तर पुढे काय, ते मला माहीत नाही. शेरीफला बोलवायचा विचार केला. लॅमार पुन्हा टोपी हातात घेऊन दारात उभा राहिलेला डेल बघेल, एवढ्यावरच तो विचार संपला.

म्हणून तू.

हरणांचा मोसम महिन्यावर आला. इकडच्या माणसाकडे मोसमासाठी कुणी बंदूक मागितली, तर तो नाही म्हणत नाही. कशाला म्हणून विचारतही नाही. ती इथली सभ्यता आहे, आणि डेलची सभ्यता अजून शाबूत आहे, कदाचित तेवढीच. तू ये. सांग की ओहायोत मित्र जमलेत, तिघं-चौघं नवशिके आहेत, सगळ्यांना लागतील. दुनळीसुद्धा. दुनळी आधी. तो तुला प्रत्येकीचा स्वभाव समजावून सांगत बसेल, ते ऐक. कुठली डावीकडे खेचते, कुठलीचा घोडा जड आहे. घाई करू नकोस. वर्षभर परत आणू नकोस.

खोटं बोलायला सांगतेय, आणि तेही वाईट खोटं, त्याला कळेल. मला वाटतं, कळलं तरी देईल. तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला देणार नाही. त्याच्या लेखी तुझं देणं लागतो तो.

आल्यावर थँक्सगिव्हिंगचं काढू नकोस. 'तुमची चूक नाही' असंही म्हणू नकोस. ते वाक्य या घरात कॅसरोलइतकंच साठलंय. दाजी म्हण. जेव. गाडीच्या मागच्या बाजूने येऊ नकोस, म्हणजे ती काच तुला वाचावी लागणार नाही आणि तू वाचताना त्याला बघावं लागणार नाही.

तू येऊनही उपयोग होईल का, ते मला सांगता येत नाही. दोर, पूल, नदी, हे सगळं बेलर्स क्रीकमध्येही आहे. सव्वीस वर्षं ज्याच्याशी वाद घातला त्याच्याशी आता मी शब्द मोजून बोलते, आणि रात्री त्याचा श्वास ऐकत पडते. मला थट्टा करायची आठवण येते रे. आज सकाळी त्याला म्हटलं, "पित्त आहे जागच्या जागी." त्याने माझ्याकडे पाहिलं, मी परक्या भाषेत बोलल्यासारखं.

वाचनालय बंद करायची वेळ झाली. तो न्यायला येईल. पिकअप दिसली की मी आधी ड्रायव्हरची जागा बघते, मग श्वास सोडते.

पत्र मिळेल त्या दिवशी नीघ. आपल्या घरात काही मागायचं असलं की मी तुला पुढे करायची, आठवतं ना. हिंमत मला राहिलेली नाही, तुझ्याकडे असली तर ये.

ये आणि घेऊन जा.

तुझी,
अक्का