मुकी ढेप, जिवंत खमीर

१२ ऑगस्ट, मंगळ.
धनजच्या विमलबाईचा फोन. गाय दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नाही, दूध निम्म्यावर. वर टोला, "भाऊ, ढेप तुमच्याच दुकानातली हाये. दुसऱ्याची नाई." त्याच मालाची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, गोदामात अजून सतरा पोती. एक तुकडा मोडून पाहिला. चांगली ढेप कट्कन वाजते, ही मुकी मोडली. आठ वर्षं हमाली केलेला कान. आत हिरवी बुरशी. छप्पर गळतं त्याखालचीच थप्पी. विक्री बंद. बाईला सांगितलं, ती ढेप चारू नका, नवं पोतं पाठवतो.

१३ बुध.
जनावरांच्या डॉक्टरांना मोटरसायकलवर बसवून धनज. गाय तपासली, औषध दिलं. म्हणाले, बुरशीचं विष पोटात गेलंय, सोबत जिवंत खमिराची पुडी द्या. पचनही सावरतं, आणि खमिराचं साल विष धरून ठेवतं, शेणावाटे बाहेर. विमलबाई हसली, "गाईची जिलबी करता का डॉक्टर?" मी मात्र घरी, कारंजा गावापर्यंत, उडतच आलो. भुकटीत जीव! बायकोला सांगायला लागलो, तर म्हणे, आधी भाकर खा.

१६ शनि.
काही फरक नाही. स्वतः गेलो. गोठ्याच्या दाराशीच रटरट आवाज. चुलीवर आंबोण, गाईचं भरड्याचं खाणं, उकळतंय, आणि बाई त्यातच पुडी रिकामी करतेय!
"अवं, काय करून राह्यली? मेलं ना थे!"
"कोन मेलं?"
"खमीर!"
"मंग सांगाचं ना भाऊ. पावसाळ्यात आमी आंबोण गरमच देतो. थंड देलं तं सासू बोलते."
चूक माझी. पुडी दिली, घरची रीत विचारली नाही. आता आंबोणात बोट घालून पाहायचं, चटका नसला तरच पुडी. डॉक्टर फोनवर म्हणाले, मेलेल्याचं सालही थोडंफार विष धरतं, पण पचनाचं काम जिवंतच करणार.

१९ मंगळ.
फोन. हॅलो नाही, काही नाही, एकदम "रवंथ करून राह्यली!" म्हटलं, फोन धरा तिच्या तोंडाशी. खुरुक, खुरुक... मग गिळलं... पुन्हा खुरुक. गिऱ्हाईक समोर उभं, मी डोळे मिटून. वेडा म्हणाला असेल.

२१ गुरु.
दूध बरंच वर आलं! खमिरानं, औषधानं, की ढेप बदलली म्हणून? डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. मी तर पुड्यांचा अख्खा खोका मागवून बसलोय.
धनजला चहा पिताना विमलबाई, "भाऊ, थे बुरशीची ढेप अर्धं पोतं पडून हाये. खमीर टाकून चारू का? वाया कायले घालवाची?"
ओरडलोच. किती बुरशीला किती खमीर पुरतं, कोणाला माहीत? खड्डा करून पुरा. उकिरड्यावरही नको, जनावर तोंड घालेल.
"तुमी तुमची पुरली?"
"हो," म्हणालो.
तिथून सरळ गोदामावर. दाराशी उभ्यानंच लिहितोय. सतरा पोती जिथल्या तिथं. आणि खमीर टाकून खपवावं हे तिच्याआधी मलाच सुचलेलं, परवाच. किल्ली हातात...