अनुभव तीस वर्षांचा, बाळंतपण सुनेचं

४ मार्च २०२४, सकाळी
सुनेला, प्रगतीला, सातवा लागला. पहिलंच आहे, पण घरात मी आहे. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. शे-दीडशे गाई या हातांनी मोकळ्या केल्या. बाई काय न् गाय काय, निसर्ग एकच. (हे काल बायकोसमोर, मुक्ताबाईसमोर, बोललो. चहा मिळाला नाही.)
ठरलं : रोज खजूर. बारामतीच्या डॉक्टरणीकडचे खेटे बंद.

११ मार्च
आरोग्य केंद्राची आशाताई, विजयमाला, आली. प्रगतीच्या पायावर बोट दाबून दाखवलं, खड्डा पडतो. म्हणाली, "तात्या, बीपी एकशेपन्नास हाय. उद्याच्या उद्या न्या."
मशीन जुनं असणार. आमच्या दवाखान्यातला थर्मामीटरही दोन पॉइंट जास्तच दाखवायचा. आणि गाभण गाईला सूज येतेच. लक्षण चांगलं.
तरी मीठ बंद केलं. हयगय नको.

१२ मार्च
नेणारच होतो. मुलाला, ऋषिराजला, कंपनीत सुट्टी नाही, मला डाळिंबाची फवारणी. शुक्रवारी नक्की.

१५ मार्च, शुक्रवार
व्यापारी बाग बघायला आला. सोमवारी नक्की.
प्रगतीचं डोकं दुखतंय. कारण मोबाइल. काढून घेतला.

१७ मार्च
आता डोळ्यांपुढं काजवे दिसतात म्हणे. अंथुर्ण्याच्या बाजारातून दोन किलो गाजरं आणली. मुक्ताबाई ओरडली, "तुमचं शहाणपण गोठ्यात ठिवा आन् गाडी काढा!"
उद्या सोमवार आहेच. एका दिवसानं काय होतं?

१८ मार्च, सकाळी ७
प्रगतीला झटके आले. ओट्यापाशीच पडली. मी लगेच ओळखलं : कॅल्शियम कमी. व्यालेल्या गाईला असंच होतं. गोठ्यातून बाटली आणली. मुक्ताबाईनं हिसकावून भिंतीवर आपटली.
१०८ आली. विजयमाला आत बसली. मला जागा नव्हती.

१९ मार्च, बारामती
सिझर. मुलगी, नऊशे ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे. प्रगती शुद्धीवर नाही.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आठ दिवस आधी सांगितलं होतं, मग आणलं का नाही? ऋषिराज माझ्याकडं बघत होता. म्हणालो, फवारणी.
नऊशे ग्रॅमची पोरं वाचतात. मी वाचलंय कुठंतरी.

२१ मार्च
दुपारी गेली. नाव ठेवलं नव्हतं. मुक्ताबाई काचेबाहेरून छकुली, छकुली म्हणत होती.
प्रगती शुद्धीवर आहे. तिला कोण सांगणार यावर आम्ही तासभर बोललो. शेवटी नर्सनं सांगितलं.

२२ मार्च
ऋषिराज माझ्याशी बोलत नाही. रागीट पोरगा आहे. दोन दिवसांत निवळेल.

२७ मार्च
प्रगती घरी आली. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, किती दिवस ते माहीत नाही. ऋषिराज अजून बोलत नाही.

२९ मार्च
प्रगतीचं दूध थांबत नाही. मुक्ताबाई फडकी बदलते, घट्ट बांधते. रात्रंदिवस दुखतंय पोरीला.
गाईचं दूध कसं आटवतात ते मला माहीत आहे. सांगायला दारापर्यंत गेलो. पावलं ऐकून प्रगती आतून म्हणाली, "तात्या, आता काय सांगू नगा."
बरं म्हणालो.