मैनाचं दूध

नेर, ३ फेब्रुवारी १९५८

ती. युनूसभाईस,
रौशनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि चुलीवरचं तसंच राहिलं. इंजिनखान्यात काम करणारा आमचा भाई तापानं आडवा होतो काय आणि जहाजवाले त्याला माल्टा बेटावर उतरवून पुढे जातात काय, अब्बांना खरंच वाटेना. शाळेच्या नकाशात बेट शोधलं, तिळाएवढं आहे. अम्मी म्हणते तिथली हवाच वाईट.

तिनं मन्नत मानली आहे. तू बरा होऊन घरी येईस्तोवर दर जुम्मेरातीला मैना शेळीचं दूध गल्लीतल्या पोरांना वाटायचं. मैना यंदाही गाभडली, दिवस भरण्याआधीच करडू टाकलं, नजर लागली म्हणून गळ्यात काळा दोरा बांधलाय. दूध मात्र देते.

मी बाळंतपणाला आले आहे, सातवा सरत आला. मलाही रोज पेला मिळतो, कासेखाली धरलेला, फेसासकट. उकळलं की ताकद जाते, हे तुला माहीतच आहे. संध्याकाळी जरा कणकण वाटते, म्हणून अम्मीनं आता दोन पेले केलेत. मामा होणार आहेस, लवकर बरा हो.

लोभ आहेच, तो तिकडे विसरू नकोस.
तुझी,
रौशन

माल्टा, १९ फेब्रुवारी १९५८

चि. रौशनस,
अ. उ. आ.

हे वाचताच ते दूध बंद कर. मग पुढचं वाच.

माझ्या तापाला या बेटाचंच नाव आहे. शंभर वर्षं गोऱ्या सोल्जरांना तो इथं यायचा. इस्पितळात त्यांना ताकद यावी म्हणून शेळीचं कच्चं दूध पाजत आणि माणसं आणखी खंगत. सगळे हवेला दोष देत, अम्मीसारखेच. शेवटी इथल्याच एका डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं. शेळी धडधाकट दिसते, फक्त गाभडते.

इथं जुन्या काळच्या सरदारांनी बांधलेलं मोठं इस्पितळ आहे, रोग्यांना चांदीच्या ताटात जेवण द्यायचे म्हणे. नर्स ते सांगत होती, माझं लक्ष नव्हतं. डॉक्टरनं विचारलं होतं, जहाजावर चढण्याआधी घरी काय प्यायलास. मी मैनाचं नाव घेतलं. तो म्हणाला, मग ताप तू इथून घेतला नाहीस, घरून आणलास.

मला सुया आणि गोळ्यांनी उतार आहे. पण तुझी ती कणकण वाचल्यापासून मला फार भीती वाटते. या तापानं बाईचाही गर्भ पडू शकतो. अब्बांना सांग, तुला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात न्यावं आणि हे पत्र दाखवावं. आणि गल्लीतली पोरं, रौशन.

उलट टपाली लिही, माझा जीव तिकडेच आहे.
तुझा भाई,
युनूस

यवतमाळ, ७ मार्च १९५८

ती. युनूसभाईस,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यातल्या खाटेवरून लिहिते आहे. तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळीही अंग तापलं होतं आणि पहाटे घामानं लुगडं भिजलं. मी अब्बांना तेव्हाच खरं सांगितलं, की कणकण नाही, ताप आहे, तुम्ही घाबराल म्हणून लपवला.

अब्बांनी मैनाला मागच्या गोठ्यात एकटं बांधलं आणि घरोघर गेले. मन्नतीचं दूध पाजलं, आता पोरांवर लक्ष ठेवा, असं हात जोडून सांगत फिरले. शेजारच्या विमलताईंनी दार लावून घेतलं. त्यांचा धाकटा तीन दिवसांपासून निजून आहे. अब्बांनी त्याला उचलून आमच्याच एस. टी.त बसवलं, पलीकडच्या वॉर्डात आहे.

आम्हा दोघांचं रक्त तपासायला नागपूरला गेलंय. डॉक्टरीणबाईंनी तुझं पत्र वाचून लगेच औषध सुरू केलं. मूल हलतंय म्हणाल्या, पण ताप उतरेपर्यंत काहीच सांगता येणार नाही म्हणाल्या. मी पोटावर हात ठेवूनच असते. मला फार भीती वाटते भाई.

अम्मी माझ्या पायथ्याशी बसली आहे. दूध उकळून आणते आणि स्वतःच पुन्हा ओतून देते. तुझं पत्र तिनं माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. आज एवढंच म्हणाली, त्याले इचार, जहाजावर जायच्या दिवशी पेला म्याच देल्ला होता ना.

तू सुटी संपवून पहाटे निघालास, तेव्हा मी झोपलेली होते. मला माहीत नाही. तिला काय सांगू ते लवकर कळव.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
रौशन