वटवाघूळ कोणाच्या फांदीवर

पण तो न्याय नव्हता बाबा. तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली तरी मी हेच म्हणणार. दादाला तुम्ही ठाण्याच्या हायस्कुलात घातलंत, मग मुंबईच्या कॉलेजात, आणि मला चौथीतून उचलून बाळकुमच्या मिठागरात तुमच्या शेजारी उभं केलंत. "दोघांची फी मला झेपायची नाय," म्हणालात. बरं, मानलं. पण आई बोय माशाचं कालवण करायची तेव्हा मधला तुकडा तुम्ही तुमच्या हातानं त्याच्या ताटात टाकायचात आणि शेपटीकडचा मला. त्या तुकड्याला तर फी पडत नव्हती ना?

वटवाघळाचंच घ्या. मी बारा वर्षांचा असेन. खाडीकडच्या उंबराखाली एक वटवाघूळ पडलेलं, आणि त्याच्या छातीला चिकटून पिल्लू दूध पीत होतं. ते सुपात घेऊन मी तुमच्याकडे पळत आलेलो. "बाबा, हे पाखरू नाय. गाईसारखं पाजतंय, बघा तरी!" तुम्ही मान वर केली नाहीत. "पंख हायत ना? मंग पाखरूच. टाक जा, घरात आणू नको." मी परत जाऊन त्याला उंबराच्या फांदीला लटकवून आलो.

मग दोन वर्षांनी दादा सुटीत आला आणि सिनेमाच्या जुन्या जाहिरातीच्या पाठीवर त्यानं एक झाड काढलं. खाली बुंधा, वर फांद्या, प्रत्येक टोकाला एकेक जनावर. खळ लावून ते दाराशेजारी चिकटवायला मलाच सांगितलंत. तुम्ही समोर उकिडवे बसलाय, विडी विझलीय, आणि दादा बोट फिरवतोय. जिथे फांदी फुटते तिथे दोघांचा जुना पूर्वज. फांदी जेवढी अलीकडे फुटलेली, तेवढं नातं जवळचं. दिसण्यावर जायचं नाही.

"म्हंजे माकड आपला आजा?" तुम्ही विचारता.

"आजा नाय बाबा, चुलतभाऊ. आजा दोघांचा एकच, आणि तो केव्हाच गेला."

"आणि निवटी? ती तर चिखलात चालते. बेडकाची भैन काय?"

"किती चालली तरी माशांचीच."

"मंग इथे चुकलास. वटवाघूळ पाखरांत पायजे."

"नाय बाबा, ते पिल्लाला पाजतं. पाखरांना पंख वेगळे फुटले, याला वेगळे. हे आपल्या आणि गाईच्या फांदीवरचं."

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. शेजारच्या काकांना हाक मारून बोलावलंत, "या, बघा! शिकलेला पोर कसा बोलतो!" मी पायाच्या भेगांतलं मीठ काढत तिथेच बसलेलो. मी सुपात आणून दाखवलं ते पाखरू होतं. त्यानं कागदावर काढलं तर लगेच ते गाईच्या नात्यातलं झालं. काकासुद्धा मान डोलवत होते.

माणूस सगळ्यांत वर उजव्या कोपऱ्यात होता. मी मुद्दाम विचारलं, "दादा, मग यांत मोठं कोण?" तो म्हणाला, "मोठं कोणी नाय रे. टोकं सगळी आजचीच. फांदी फिरवून माणसाला इकडे आणला नि वटवाघळाला तिकडे नेलं, तरी नातं बदलत नाय." पायात बूट असलेल्याला असं म्हणायला काय जातं!

आता मी कच्छात आहे, कांडल्याकडे. इथेही मीठच. दुपारच्या सुटीत एका सोबत्याशी पैज लागली, वटवाघूळ पाखरू की नाही. मी काठीनं ओल्या मातीत ते झाड काढलं, फांद्या कुठे फुटतात ते दाखवलं, आणि एकही चुकलो नाही. मलाच नवल वाटलं. तो म्हणाला, "भाई, तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "बापानं." दादाचं नाव जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. जळतो मी त्याच्यावर बाबा, अजून.

आणि परवा त्याचं पत्र आलं. कल्याणच्या शाळेत मास्तर झालाय, पुढच्या परीक्षेची फी भरायचीय आणि पगार अडकलाय. "तुझ्याशिवाय कोणाकडे मागू," असं लिहिलंय. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं. मला दया यायला हवी होती. मी ते पत्र चारदा वाचलं, खोलीतल्या दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन दिवस नकाराची वाक्यं जुळवत हिंडलो. एकापेक्षा एक झणझणीत जुळली. पण परीक्षा चुकली तर वर्ष जाईल त्याचं, आणि वर्ष गेलेलं कसं लागतं ते घरात फक्त मला ठाऊक आहे.

हे तुम्हाला लिहिलं कारण त्याला लिहिणं मला जमणार नाही, आणि तुमचा तर पत्ताच नाही. मनीऑर्डरचा फॉर्म भरून ठेवलाय. त्यानं मागितलेत चाळीस. का ते त्याला कळायला नको, पण मी पाठवतोय एक्केचाळीस रुपये.