नाशपातीएवढं पाणी

४ नोव्हेंबर १९९६

—आणि पोटावरून फिरणारं यंत्र मध्येच थांबलं. यंत्र फिरवणाऱ्या मुलीने पुन्हा गार जेल ओतलं, पुन्हा तिथेच दाबलं, मग डॉक्टरांना बोलावलं. पडद्यावर एक काळा गोल. आमच्याकडच्या थोरल्या नाशपातीएवढा!

यकृतात पाण्याची गाठ. साधी, म्हणाले. कदाचित जन्मापासूनची. ती जठराला दाबते, म्हणून दोन घासांत पोट भरतं. बाजारातली कालवंवाली उगाच नाही विचारत, बाई, कितवा महिना?

दोघं नेहमीच्या तपासणीला आलो होतो. शेजारच्या खोलीत ह्यांची चालू होती. बाहेर आल्यावर सांगितलं. हे खाली बसले.

६ नोव्हेंबर

मार्ग दोन. एक: कातडीतून सुई घालून बारीक नळी सोडायची, पाणी काढायचं, आत औषध सोडायचं. म्हणजे गाठीच्या भिंतीला पाणी सुटत नाही. नुसतं काढलं तर पुन्हा भरतं. दुसरा: दुर्बिणीने, पोटाला छोटी भोकं पाडून गाठीचं छप्परच कापायचं. डॉक्टरांचा कल सुईकडे.

आत बहुधा अल्कोहोल सोडतात. दारूने तोंड लाल होतं का, त्यांनी विचारलं. माझ्याआधी हेच बोलले, "हिला बाटलीचं बूच दाखवलं तरी होतं." मग दुसरं औषध वापरू, डॉक्टर म्हणाले.

निघताना बरोबर आलेल्या आमच्या मुलीला, हेरानला, डॉक्टरांनी आत थांबवून घेतलं. आम्ही बाकावर. ती आली ती तोंड धुऊनच.

७ नोव्हेंबर

आमच्यात रोग्याला सांगत नाहीत. घरच्यांना सांगतात. सासरे शेवटपर्यंत अल्सर समजत होते.

म्हणजे कॅन्सर. मला.

९ नोव्हेंबर

वन्सं अबलोनची, त्या महागड्या शिंपल्यांची, पेज घेऊन आल्या. अबलोन! या बाईने मला आजवर उकडलेलं रताळं दिलं नव्हतं. मी कारण विचारलं, तर "खा वहिनी, मास्तरकी नंतर कर." माझ्याकडे बघणं टाळत होत्या.

हे माझ्या माशातले काटे काढून देतात. मी खात नाही, म्हणून तेही खात नाहीत.

१० नोव्हेंबर

सुई नको, मी म्हणाले. मरायचंच आहे तर पोटाला भोक कशाला? हेरान रडली. आई, तुला खरंच काही नाही, म्हणाली. असंच म्हणतात.

हे पर्सिमनचं फळ सोलत होते. सुरी खाली ठेवली.

"माझ्यासाठी जा."

चेहऱ्यावरून कळलं — ह्यांनाही वाटतंय, मला कॅन्सरच आहे. लग्नानंतर प्रथमच ह्यांनी माझ्याकडे काही मागितलं. जाईन.

१३ नोव्हेंबर

झालं. भूल जागेपुरतीच, सगळं ऐकू येत होतं. पडद्यावरचा गोल सुरकुतत गेला. पाणी फिकट पिवळं, स्वच्छ. एक बाटली भरली, दुसरी लावली. औषध आत गेल्यावर डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पालथं. खांद्यापर्यंत कळ गेली.

संध्याकाळी वाडगाभर भात खाल्ला! हे समोर बसून प्रत्येक घास बघत होते.

१५ नोव्हेंबर

पाण्याच्या तपासणीचा निकाल आला. कॅन्सर नाही. डॉक्टरांनी मलाच सांगितलं, घरच्यांना नाही. म्हणजे खरं असणार. नळी काढली.

मग हेरान त्या दिवशी का रडली?

१६ नोव्हेंबर

सकाळी हेरानला जिन्यात गाठून विचारलं. गाठ ह्यांच्या स्वादुपिंडात आहे. पसरली आहे. माझी दिसली त्याच दिवशी, शेजारच्या खोलीतल्या तपासणीत दिसली. माझं होईपर्यंत मला सांगायचं नाही, असं तिने आणि वन्संनी ठरवलं होतं. ह्यांना तर कधीच नाही.

नंतर हे आले. नळीची जागा बघायची म्हणाले. मी गाऊन वर केला. दुखतं का, विचारलं. नाही म्हटलं. हे आनंदाने रडले.